पाणी कोठे अडले? : घरच्या संगणकावर न उघडणाऱ्या संकेतस्थळांचा शोध

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने इतिहासावरच लिहावे अशी संपादक मंडळाची अपेक्षा असणार. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि त्याने आम्हांला आमच्याच विषयाची पद्धत नव्याने शिकविली. तो प्रसंग संगणकाचा आहे. आज आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या बहुतेक घरी संगणक आहे, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेश, भरती, दवाखान्याचे अहवाल ही सारी कामे त्यावर होतात आणि ऐन वेळी एखादे संकेतस्थळ उघडेनासे होते. अशा वेळी काय करावे, याची ही अभ्यासपूर्वक केलेली मांडणी आहे.

प्रसंग

रोवणीचे दिवस होते. पवनी तालुक्यातील आमची एक माजी विद्यार्थिनी रविवारी सायंकाळी भिजत घरी आली. तिने परिचारिकेचे शिक्षण पूर्ण केले असून तिचे सासर मध्यप्रदेशातील बैतूल जिल्ह्यात आहे. तेथील कंत्राटी पदांच्या भरतीची सूचना जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळावर होती. अर्जाचा नमुना तेथूनच उतरवून, भरून पाठवायचा होता आणि मुदत संपण्यास मोजके दिवस उरले होते.

आम्ही संगणक सुरू केला. इतर सर्व संकेतस्थळे उघडत होती. हेच एक उघडत नव्हते. 'पृष्ठापर्यंत पोहोचता येत नाही' एवढाच संदेश येई. आम्ही पाच-सहा वेळा प्रयत्न केला आणि मग निष्कर्ष काढू लागलो. प्रथम म्हटले, शासनाचे संकेतस्थळ बंद पडले असेल. मग म्हटले, पावसाने लाइन बिघडली असेल. शेजारच्या गृहस्थांनी तर सरकारनेच ते बंद केल्याचे ठामपणे सांगितले. फोनवरून एका दुरुस्ती करणाऱ्यास विचारले, तर त्याने संगणक पूर्ण पुसून नव्याने भरावा लागेल, असा सल्ला देऊन खर्चही सांगितला.

इतका वेळ ती मुलगी गप्प होती. शेवटी हळूच म्हणाली, "सर, माझ्या मोबाइलवर तर सकाळीच उघडलं होतं."

आयुष्यभर मुलांना 'पुराव्याशिवाय विधान करू नका' असे सांगणाऱ्या आम्हांस त्या वाक्याने ओशाळल्यासारखे झाले. पुरावा समोर बसला होता आणि आम्ही तर्क लढवीत होतो. नमुना तिच्या मोबाइलवर उतरवून घेतला, तारेने संगणकास जोडून छापला, आणि दुसऱ्या दिवशी तो स्पीड पोस्टाने रवाना झाला. काम निभावले, प्रश्न मात्र राहिला. एकच संकेतस्थळ, आणि तेही आमच्याच संगणकावर, का अडावे?

शोधाची रीत

आपल्या भागातील धानउत्पादक शेतकऱ्यास ही रीत शिकवावी लागत नाही. शेवटच्या बांधीत पाणी पोहोचले नाही म्हणून तो लगेच नहर फुटला असे म्हणत नाही. आधी आपल्या बांधीचा धुरा पाहतो, मग वरच्या बांधीत पाणी आहे का ते पाहतो, आणि असे करीत पाटाने वर चालत जातो. जेथे वर पाणी आहे आणि खाली नाही, तेथेच अडथळा. संकेतस्थळाचा शोधही असाच घ्यावयाचा असतो. आपला संगणक ही शेवटची बांधी. घरातील राउटर हा तोंडाचा धुरा. सेवा देणारी कंपनी हा पाट. आणि दूरचे संकेतस्थळ हा तलाव.

म्हणून पहिली पायरी तुलनेची. तेच संकेतस्थळ मोबाइलवर दोन प्रकारे उघडून पाहावे : एकदा घरच्या वायफायवरून आणि एकदा वायफाय बंद करून मोबाइलच्या स्वतःच्या डेटावरून. यावरून चार शक्यता वेगळ्या होतात.

मोबाइलवर दोन्ही प्रकारे उघडते, संगणकावर उघडत नाही : दोष संगणकात आहे. मोबाइलच्या डेटावर उघडते, पण वायफायवर मोबाइल व संगणक दोन्हींवर अडते : दोष राउटरमध्ये किंवा घरी जोडणी देणाऱ्या कंपनीकडे आहे. कोठेच उघडत नाही, परंतु दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर उघडते : दोष वरच्या पाटात आहे. कोणाकडेच उघडत नाही : ते संकेतस्थळ स्वतःच बंद आहे किंवा आदेशाने रोखलेले आहे, तेव्हा आपल्या संगणकाची मोडतोड करू नये, थांबावे किंवा पर्यायी मार्ग पाहावा.

दुसरी पायरी संदेश नीट वाचण्याची. पृष्ठ सापडत नाही, सुरक्षा प्रमाणपत्र ग्राह्य नाही, प्रवेशास मनाई आहे, हे तीन वेगळे संदेश असून त्यांची कारणेही वेगळी आहेत. आपण इंग्रजी अक्षरे दिसताच खिडकी बंद करतो. तसे न करता संदेश वहीत उतरवून घ्यावा किंवा त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

नाव आणि क्रमांक

पुढील भाग समजण्यासाठी एक गोष्ट ठाऊक हवी. संगणकाला संकेतस्थळाचे नाव कळत नाही. त्याला क्रमांक लागतो. नावावरून क्रमांक शोधून देणाऱ्या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. याचाही इतिहास आहे. अमेरिकेतील अर्पानेट या आरंभीच्या जाळ्यात संगणक थोडे होते, तेव्हा सर्वांची नावे व क्रमांक एकाच यादीत लिहिलेले असत आणि ती यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. संगणक वाढले, यादी अपुरी पडू लागली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजच्या डीएनएसची रचना मांडली. मात्र ती जुनी यादी पूर्णपणे गेली नाही. आजही प्रत्येक विंडोज संगणकात 'होस्ट्स' नावाची एक छोटी फाइल असते आणि बाहेर विचारण्यापूर्वी संगणक तिच्यात पाहतो. तेथे एखाद्या संकेतस्थळाच्या नावापुढे खोटा क्रमांक लिहून ठेवला, तर ते संकेतस्थळ त्या संगणकापुरते नाहीसे होते.

संगणकातील सात ठिकाणे

दोष संगणकात आहे असे ठरल्यावर पुढील क्रमाने तपासावे. सोपे आधी, अवघड नंतर.

१. तारीख व वेळ. हे कारण फार आढळते आणि फार दुर्लक्षिले जाते. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी (बहुधा सीआर २०३२) संपली, की वीज जाताच तारीख मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना आरंभाची व अखेरीची तारीख असते. संगणकाची तारीख चुकली तर खरे प्रमाणपत्रही त्याला खोटे वाटते. तारीख दुरुस्त करून वेळ आपोआप घेण्याची सोय चालू करावी आणि दोष पुन्हा आला तर बॅटरी बदलावी.

२. जुनी प्रणाली. विंडोज ७ ला मिळणारा नियमित आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एक बहुप्रचलित मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले, तेव्हा अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या यंत्रांवर चांगली संकेतस्थळेही अडू लागली. अशा वेळी दोष संकेतस्थळाचा नसून आपल्या जुन्या यादीचा असतो.

३. ब्राउझर. खाजगी खिडकी उघडून पाहावे. नंतर दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहावे. दुसऱ्यात उघडले, तर पहिल्या ब्राउझरमधील साठलेली जुनी माहिती किंवा त्यात जोडलेली जाहिरातरोधक पुरवणी कारणीभूत असते. पुरवण्या एकेक करून बंद कराव्यात. सर्व एकदम बंद केल्यास दोषी कोण हे कळत नाही.

४. प्रॉक्सी व व्हीपीएन. सेटिंग्जमधील नेटवर्क विभागात प्रॉक्सी चालू आहे का ते पाहावे. एखाद्या फुकट कार्यक्रमाने तो गुपचूप चालू केलेला असतो. व्हीपीएन चालू असेल, तर आपण परदेशातून येत आहोत असे संकेतस्थळास वाटू शकते आणि भारतातील काही शासकीय संकेतस्थळे परदेशातून उघडत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हा अनुभव असेलच.

५. होस्ट्स फाइल. सी ड्राइव्हमधील विंडोज, त्यातील सिस्टिम३२, त्यातील ड्रायव्हर्स आणि त्यातील इटीसी या फोल्डरमध्ये ती असते. नोटपॅड प्रशासकाच्या अधिकाराने उघडून त्यातून ती पाहावी. # या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी केवळ टिपा असतात. ज्या ओळीत १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० या क्रमांकापुढे आपल्याला हव्या असलेल्या संकेतस्थळाचे नाव आहे, ती ओळ अडथळ्याची. आधी फाइलची प्रत ठेवावी, मग तेवढीच ओळ काढावी. जुना घेतलेला संगणक असेल तर हे अवश्य पाहावे. पूर्वीच्या मालकाने घातलेली बंदी विक्रीबरोबर आपल्याकडे येते.

६. डीएनएसचा पत्ता. नेटवर्कच्या गुणधर्मांत तो हाताने लिहिलेला असू शकतो. मुलांसाठी गाळणी लावणारी काही डीएनएस सेवा केंद्रे असतात. ती नको असलेल्याबरोबर हवे असलेलेही गाळतात. तो आपोआप घेण्यावर ठेवावा किंवा ८.८.८.८ अथवा १.१.१.१ असा सार्वजनिक पत्ता घालून पाहावा आणि संगणक रिस्टार्ट करावा.

७. विषाणूरोधक व पालक-नियंत्रण कार्यक्रम. यांत रोखलेल्या पत्त्यांची किंवा शब्दांची यादी असते. ती उघडून वाचावी. संपूर्ण संरक्षण कायमचे बंद करणे हा उपाय नव्हे. हवे ते संकेतस्थळ परवानगीच्या यादीत घालणे हा उपाय आहे.

आमच्या घरी सापडलेले कारण

आम्ही या क्रमाने गेलो. तारीख बरोबर होती. दुसऱ्या ब्राउझरमध्येही तोच संदेश आला. प्रॉक्सी बंद, होस्ट्स फाइल स्वच्छ, डीएनएस आपोआप. सातव्या ठिकाणी पोहोचलो, तेव्हा पालक-नियंत्रणाचा एक कार्यक्रम मागे चालू असलेला दिसला. त्याचा परवलीचा शब्द विचारला गेला आणि आम्हांला आठवेना. कपाटातील जुन्या वह्या काढल्या. २०२० च्या वहीत, आमच्याच हस्ताक्षरात, तो शब्द होता आणि त्याखाली तीन शब्दांची यादी होती.

टाळेबंदीच्या त्या वर्षी आमचा मुलगा घरीच संगणकावर शिकत होता. पडद्यावर पैजांच्या खेळांच्या जाहिराती येत. आम्ही काळजीपोटी तो कार्यक्रम बसविला आणि ज्या पत्त्यात 'गेम', 'चॅट' किंवा 'बेट' ही अक्षरे इंग्रजीत येतील, ते सर्व रोखावेत अशी आज्ञा दिली. 'बेट' म्हणजे पैज. बैतूलचा उच्चार आपण बैतूल करतो, म्हणून आम्हांस शंका आली नाही. इंग्रजीत त्याचा आरंभ बी, ई, टी या तीन अक्षरांनीच होतो. यंत्राने पैजेचा अड्डा आणि एक जिल्हा यांत भेद केला नाही, कारण भेद करण्यास आम्ही त्याला सांगितलेच नव्हते. 'गेम'च्या आज्ञेने संगमेश्वर हे नाव असलेला पत्ताही अडला असता. इंग्रजीत लिहून पाहिल्यास वाचकांस ते दिसेल. मुलगा शिक्षणासाठी नागपूरला गेला, पण बंदी घरीच राहिली.

आम्ही यादी मोठ्याने वाचत होतो. आमच्या सहचारिणी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. त्या म्हणाल्या, "साखरेच्या आजाराची किती पानं उघडत नव्हती ह्याच्यावर. मला वाटलं, ती माहिती डॉक्टर लोकांसाठीच असेल."

मधुमेहाच्या इंग्रजी नावात तीच तीन अक्षरे आहेत. डायबेटिस हा शब्द ज्या पत्त्यात आहे, ते प्रत्येक संकेतस्थळ आमच्या घरात इतकी वर्षे बंद होते आणि ते आम्ही बंद केले होते. त्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण आपल्यासाठी ते नसेलच, असे त्यांनी मानून घेतले होते.

या वाक्याने आम्हांस त्या रात्री झोप लागली नाही. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ रोजी स्थापन झाली, तेव्हा वसतिगृहे आणि वाचनालये काढणे हे तिच्या उद्दिष्टांत होते. हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवितो. ज्ञानाचे दार बंद दिसले की 'ते आपल्यासाठी नसेल' असे मानण्याची सवय मोडावी, यासाठीच ती वाचनालये होती आणि आपले हे निवासी विद्यालयही त्यासाठीच आहे. आणि तीच सवय आमच्या घरात, आमच्या हातून, तीन अक्षरांच्या आज्ञेने पुन्हा वाढीस लागली होती. कोणी दुष्टपणा केला नव्हता. काळजीच केली होती. परंतु घातलेली बंदी पुन्हा कोणी तपासली नाही.

मोठ्या प्रमाणावरील तीच चूक

ही चूक आमच्यापुरती नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. त्यानंतर काही दिवसांत मोजकी पाने रोखण्याचा आदेश निघाला. सेवा कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटसारखी संपूर्ण स्थळेच अडविली आणि हजारो निरुपद्रवी लेखक बंद झाले. डिसेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाच्या सूचनेवरून दूरसंचार विभागाने ३२ पत्ते रोखण्यास सांगितले. त्यांत आज्ञावली लिहिणाऱ्यांचे गिटहब होते, चित्रफितींचे व्हिमिओ होते आणि जुन्या ग्रंथांचे भांडार असलेले इंटरनेट अर्काइव्हही होते. काही स्थळे पुढे खुली करण्यात आली. सुरक्षेचा हेतू खोटा नव्हता. परंतु एका पानासाठी ग्रंथालयाला कुलूप लागले. आम्ही एका शब्दासाठी जे केले, तेच ते होते.

असे रोखण्याचा अधिकार केंद्र शासनास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ ने दिला असून त्याची कार्यपद्धती २००९ च्या नियमांत आहे. पालघर येथील दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली आणि त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ रद्द केले. ६९अ मात्र कायम ठेवले; कारण त्यात कारणे लेखी नोंदविण्याची आणि फेरतपासणीची तरतूद आहे. बंदी घालताना कारण लिहावे आणि ती ठरावीक काळाने तपासावी, हे तत्त्व शासनास जितके लागू, तितकेच आपल्या घरासही लागू आहे.

राउटर, कंपनी आणि सावधगिरी

दोष वायफायवर सर्वच यंत्रांत दिसत असेल, तर प्रथम राउटर बंद करून थोड्या वेळाने सुरू करावा. मग त्याच्या मागील चिठ्ठीवरील पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये लिहून पालक-नियंत्रण व डीएनएसचे रकाने पाहावेत. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द त्याच वेळी बदलावा. तेथेही काही न आढळल्यास कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. तक्रारीत केवळ 'साइट चालत नाही' असे न लिहिता, कोणते संकेतस्थळ, कोणत्या वेळी, कोणता संदेश आणि दुसऱ्या जोडणीवर उघडते की नाही, हे लिहावे.

तीन गोष्टी मात्र करू नयेत. बँकेच्या किंवा शासकीय संकेतस्थळावर प्रमाणपत्राचा इशारा आला, तर तो डावलून पुढे जाऊ नये. तो इशारा कधी खराही असतो. अडथळा दूर करण्यासाठी अनोळखी फुकट कार्यक्रम उतरवू नयेत. आणि फोनवरून 'तुमचा संगणक आमच्या ताब्यात द्या, दुरुस्त करतो' म्हणणाऱ्यास तो देऊ नये. फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

समारोप

त्या रात्री आम्ही यादीतील तिन्ही शब्द पुसले. आता कोणतीही बंदी घातली, तर ती कोणी, कधी आणि कशासाठी घातली हे संगणकाजवळच्या वहीत लिहितो आणि दर सहा महिन्यांनी ती वही घरातील सर्वांसमक्ष वाचतो. विद्यालयाच्या संगणक कक्षातही अशी एक वही ठेवावी आणि ती विद्यार्थ्यांनीच वाचावी, अशी व्यवस्थापन मंडळास आमची नम्र सूचना आहे.

आमच्या सहचारिणींनी दुसऱ्या दिवशी सकाळी चहा बाजूला ठेवून संगणक सुरू केला आणि दुपारपर्यंत वाचीत बसल्या. मध्येच त्यांनी आम्हांस हाक मारून एक-दोन गोष्टी विचारल्या. आम्हांस उत्तरे ठाऊक नव्हती. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना त्यांच्या हाती स्वतः लिहिलेल्या प्रश्नांचा कागद होता.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या घरी एखादे पान उघडत नसेल, तर ते आपल्यासाठी नाही असे मानू नका. पाणी कोठे अडले ते पाहण्यासाठी पाटाने वर चालत जा. आणि निघण्यापूर्वी आपल्या बांधीचा धुरा एकदा नीट पाहून घ्या.